नाकातून निसटलेला पट्टा

मोलगीच्या पुढे निघालं की गाव म्हणून एका जागी काही सापडत नाही. एक घर या टेकाडावर, दुसरं समोरच्या उतारावर, मध्ये नाला, आणि हे सगळं मिळून एक पाडा. इथे शेजाऱ्याकडे काम असलं तर माणूस उठून जात नाही, आधी हाळी देतो. बैल कुठे गेले, रेशन आलं का, कोणाच्या घरी पाहुणे आले, हे सगळं दरीवरून जातं आणि दरीवरूनच उत्तर येतं. मोबाइल आलेत, पण रेंज एका ठरावीक मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तरच मिळते, तीसुद्धा तिच्याच लहरीवर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जीपमधून उतरून निम्मी टेकडी चढायच्या आत माझी बातमी वर पोचली होती. घरातल्या सुनेने दारातच विचारलं, “बोलायच्या डॉक्टर तुम्हीच ना?”

मी डॉक्टर नाही. वाचा-उपचाराचं काम करते. शिक्षण मुंबईत झालं, माहेर दोंडाईच्याचं, घरात अहिराणी. नंदुरबारला एका प्रकल्पात नोकरी होती आणि आठवड्यातला एक दिवस मोलगीच्या बाजूला जायचा. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून जीप वर येईपर्यंत कंबर ढिली व्हायची आणि मग पुढे पायी. माझ्या पिशवीत फुगे, शिट्टी, छोटा आरसा, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या आणि मराठी शब्दांच्या छापील याद्या असत. यातलं निम्मं सामान पुढे मी घरीच ठेवायला लागले. ते का, हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

ज्यांच्यासाठी गेले होते त्यांना मी बाबा म्हणायची. साठीच्या आसपासचे, काटक. पाड्यातल्या भांडणांत पंच म्हणून बसणारे. सोयरीक मोडली, देज, म्हणजे मुलीसाठी दिलेले पैसे, परत करायचं राहिलं, बांध सरकला, कोणाच्या गुरांनी कोणाची भगर खाल्ली, की यांना बोलावणं येई. पहिला झटका घरात कोणाच्या लक्षातच आला नव्हता. एक दिवस सकाळी उजवा हात जड वाटला, आठवड्यात बरा झाला, विषय संपला. दुसरा झटका वर्षभराने आला, या वेळी डाव्या अंगाला. झोळीत घालून खाली, मग जीप, मग दवाखाना. जीव वाचला, चालायलाही लागले काठीने. पण तोंडातून निघे तो एक ओढलेला, घोगरा, नाकातला आवाज. गावाने निकाल दिला: वाचा गेली.

वाचा गेली नव्हती. हे सांगताना मला दर वेळी तिथल्याच एखाद्या गोष्टीचा आधार घ्यावा लागे. काही आजारांत माणसाला शब्दच सापडत नाही. पाणी हवं असतं आणि तोंडाशी भलतंच नाव येतं. त्याला आमच्याकडे अफेझिया म्हणतात. बाबांचं तसं नव्हतं. शब्द, त्यांचा क्रम, कोणाला काय सुनवायचं ते, सगळं डोक्यात जागच्या जागी होतं. बैल धडधाकट, माणूस जाणता, फक्त कासरा ताठरलेला. छातीचे, घशाचे, टाळूचे, जिभेचे, ओठांचे स्नायू हुकूम वेळेवर पाळत नव्हते. याला डिसआर्थ्रिया म्हणतात. जिभेच्या आणि घशाच्या बऱ्याच स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येत असतो, त्यामुळे एक बाजू दुखावली तर दुसरी सांभाळून घेते. म्हणून पहिला झटका खपून गेला. दुसऱ्याने दुसरी बाजूही घेतली. 1969 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डार्ली, अॅरन्सन आणि ब्राउन या तिघांनी रुग्णांचं बोलणं कान देऊन ऐकून या विकाराचे प्रकार लावले, आणि आम्ही सगळे त्याच वर्गवारीवर शिकलो. त्यातल्या ताठर स्नायूंच्या प्रकारात बाबा तंतोतंत बसत होते. प्रकार ओळखता आला याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला होता, तो घाट उतरेपर्यंत टिकला.

पहिले दोन महिने मी जे केलं त्याची आज लाज वाटते. फुगा फुगवायला लावला, शिट्टी वाजवायला लावली, आरशासमोर जीभ बाहेर, जीभ आत. नातवंडं भोवती जमून हसायची. बाबा एकदा माझ्याकडे आणि एकदा फुग्याकडे बघत आणि निमूटपणे फुंकर मारत, कारण मी घाट चढून आले होते. फुगा फुगवून बोलणं सुधारतं याला फारसा आधार नाही. बोलणं सुधारायचं तर बोलायलाच हवं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण हातात काही वस्तू असली की आपण काही करतोय असं दिसतं, नातेवाइकांनाही आणि आपल्यालाही. शब्दांच्या याद्यांचं तर विचारू नका. ‘कमळ, बदक, टपाल, पलंग.’ सातपुड्यातल्या माणसाला, ज्याची घरची भाषा भिलोरी आणि मराठी ही बाजाराची, कचेरीची, रेशन दुकानाची भाषा, त्याला मी ‘बदक’ म्हणायला शिकवत होते. सून एकदा हळूच म्हणाली, “मॅडम, बदक आमच्याकडे नाही.” मला वाटलं ती यादी सुधारायला सांगते आहे. तिला म्हणायचं होतं की बाबांना बदकाशी काही देणंघेणं नाही.

मग ती ‘मना’ची गोष्ट झाली.

दिवाळी उलटली होती. थोरला मुलगा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला, घरात आजी, सून आणि दोन लहान पोरं. मी गेले तर घरावर अवकळा. बाबा तीन दिवस जेवणावर रुसलेले, एकच शब्द परत परत म्हणत होते आणि म्हणता म्हणता रडत होते. सुनेला कळत नव्हता, आजीला कळत नव्हता. आजीने आपला भाऊ बोलावून आणला, कारण तिला त्यात ‘मामा’सारखं काही ऐकू आलं. भाऊ दोन डोंगर ओलांडून आला, बाबांनी त्याला बघून मान जोरजोरात हलवली आणि आणखी रडले. तो बिचारा भाकर खाऊन परत गेला.

मी समोर बसले. शब्द नीट ऐकला. ‘मण्णा.’ पुन्हा, ‘मण्णा.’ माझ्या कानाला तो लख्ख ऐकू आला: मना. अहिराणीत मना म्हणजे माझा. मना भाऊ, मना बैल. मला भरून आलं. वहीत मी लिहिलं, ‘माझं, माझं असं सारखं म्हणतात. अधिकार गेल्याची भावना. घरच्यांशी बोलणे.’ आणि खरंच मी आजीला आणि सुनेला जवळ बसवून अर्धा तास समजावलं, की माणूस कर्ता असतो, आजाराने त्याच्या हातातलं सगळं जातं, त्याला विचारून करत जा. त्या दोघी मान डोलावत होत्या. बाबा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी कृतज्ञता समजले.

पुढच्या आठवड्यात घाट चढताना जीपमध्ये शेजारी एक पोरगा मोबाइलवर काही बघत होता, त्याला सर्दी झालेली, आणि तो सोबत्याला म्हणाला, “नाक मंद झालंय.” बंद म्हणायचं होतं त्याला. माझ्या अंगावर काटा आला. खरं तर सर्दीत नाक चोंदतं तेव्हा उलटं होतं, म चा ब व्हायला लागतो. त्याचं ‘मंद’ कदाचित गाडीच्या आवाजात मीच चुकीचं ऐकलं असेल. पण नाक, म आणि ब हे तिन्ही एकदम डोक्यात आले आणि मी स्वतःला शिव्या घातल्या.

आपण प, ब, ट, ड म्हणतो तेव्हा पडजिभेच्या वरचा मऊ टाळू उचलला जातो आणि नाकाची वाट बंद करतो. हवा तोंडात दाबली जाते, मग फुटते. म, न, ण म्हणताना तीच वाट उघडी असते. टाळू उचललाच गेला नाही तर दाब धरत नाही, हवा नाकातून निसटते. पहिलीत आपण प फ ब भ म अशी ओळ घोकतो ना, बाबांची ती अख्खी ओळ घरंगळत शेवटच्या म वर येऊन बसली होती. ट ठ ड ढ ही ओळ ण वर. हे मी पहिल्या भेटीत तपासून लिहून ठेवलं होतं. कागदावर माहीत होतं, कानाला माहीत नव्हतं.

बाबांसमोर बसले आणि विचारलं, “तुमचं नाक धरू का?” ते बघतच राहिले. मी माझं नाक चिमटीत धरून दाखवलं. मग त्यांचं धरलं, हलकेच. म्हटलं, “आता म्हणा, तोच शब्द.” त्यांनी श्वास घेतला, घसा आवळला गेला, ओठ एकदा थरथरले.

“पट्टा.”

सून चुलीपुढून उठून उभी राहिली.

वनपट्टा. 2006 चा वनहक्क कायदा झाल्यावर इथल्या घराघरांनी कसत आलेल्या जमिनीचे दावे भरले. जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसतो आहोत हे दाखवायचं, ग्रामसभेपुढे जायचं, मोजणी, पुरावे, म्हाताऱ्यांचे जबाब. बाबांनी दाव्याची पोच आणि सोबतचे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बियाण्याच्या कणगीच्या मागे, कुडाच्या भिंतीत खोचून ठेवले होते. दिवाळीनंतर सुनेने कूड नव्याने सारवायला काढला होता. माणूस तीन दिवस ओरडून सांगत होता, भिंत उकरू नका, पट्टा आहे. आणि मी त्या घराला भावनांवर व्याख्यान देऊन आले होते. कागद निघाले. एका कोपऱ्याला ओल लागली होती, बाकी शाबूत. आजी मला काही बोलली नाही. तिने मला चहा दिला, त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. ती क्षमा होती की फजिती झालेल्या माणसाची कीव, हे मी अजून ठरवलेलं नाही.

त्या दिवसापासून नाक धरणं ही त्या घरची रीतच झाली. हा काही उपचार नव्हे, टाळू यामुळे बरा होत नाही. काहींना दाताला बसवायची एक पट्टी करून देतात, ती मऊ टाळूला खालून उचलून धरते, पण त्यासाठी दंतवैद्य, माप, फेऱ्या आणि तोंडात दात लागतात. बाबांचे वरचे दात मोजकेच. तेव्हा चिमूट. ऐकणाऱ्याला एक शब्द अडला की बाबा स्वतःच नाक धरत, तो एक शब्द म्हणत, सोडत. पहिल्या दिवसांत लहान पोरं याचा खेळ करत. आजीने एकाला पाठीत धपाटा घातला, त्यानंतर खेळ थांबला.

रडण्याबद्दलही मला सांगायला हवं, कारण तिथेही माझा अंदाज चुकला. ते रडत होते तेव्हा मला वाटलं दुःखाने. पण पुढे भाऊबंदांत एक मयत झाली. बाबांना उचलून तिथे नेलं, आणि बायका रडायला लागल्या तसे बाबा हसायला लागले. थांबेनात. चेहरा हसतोय, डोळे घाबरलेले. लोक सरकले. कोणी म्हणालं बाहेरचं काही लागलंय, भगताला बोलावलं. भगताने दाणे पाहिले, काय करायचं ते केलं. मी त्यात पडले नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर बाबांना विचारलं, काल हसू आलं का? त्यांनी मान हलवली. हसू आलं नव्हतं. चेहरा हसला होता. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा लगाम सुटला की हसण्या-रडण्याचे स्नायू थोड्याशा धक्क्याने आपले आपण चालू होतात, मनात तेवढं काही असो वा नसो. भगत शांतपणे ऐकत होते. मग ते म्हणाले, बैल बिथरतो तेव्हा गाडीवानाला दोष देत नाहीत. ही गोष्ट त्यांनी पाड्यात सांगितली आणि माझ्या दहा भेटींनी झालं नसतं ते झालं. यावर गोळ्या असतात, त्या डॉक्टरांनी पुढे दिल्याही. पण मयतीत हसलेला माणूस वेडा नाही, ही मुख्य गोष्ट भगताच्या तोंडून पसरली.

नात आश्रमशाळेत होती, सातवीत. सुट्टीत आली की तिला आजोबांचं बोलणं पहिल्या दिवसापासून कळायचं. मुलांचा कान लवकर वळतो. महिनाभर ती त्यांच्या मांडीला मांडी लावून बसे आणि भाषांतर करी. आल्यागेल्याने बाबांना काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी सगळे तिच्याकडे बघत. मला हे फार गोड वाटलं होतं, मी फोटोही काढला होता. सुट्टी संपली, ती गेली, आणि घर पुन्हा मुकं झालं. आधीपेक्षा जास्त, कारण मधल्या काळात बाकी कोणी कान तयारच केला नव्हता. शिवाय ती त्यांचं वाक्य अर्ध्यातच उचलायची. एकदा त्यांना म्हणायचं होतं की बैल विकू नका, घोटे सुजलेत म्हणून भाव येणार नाही, आधी बरा करा. तिने ‘बैल विकू नका’ एवढंच सांगितलं आणि घरातल्यांना वाटलं म्हातारा हट्ट करतोय. बैल विकला गेला. भाव आला नाही.

तेव्हापासून मी याद्या बंद केल्या आणि सुनेला ऐकायला शिकवायला लागले. खरं तर तिनेच मला बरंच शिकवलं. पाड्यात सकाळी सातच्या आत बाबांचं बोलणं जेवढं स्वच्छ असे तेवढं दिवसभरात कधी नसे. दुपारनंतर स्नायू दमत, संध्याकाळी नुसता घोळ. म्हणून जे महत्त्वाचं ते सकाळी. मक्याचं जातं चालू असताना नाही, पोरं भांडत असताना नाही. तोंडाकडे बघून ऐकायचं, चुलीकडे तोंड करून ‘हं हं’ नाही. आधी विषय: घरचं की शेतातलं, माणसाचं की गुराचं? तेवढं कळलं की अर्धे शब्द आपोआप सुटतात. एका श्वासात दोनच शब्द, मग थांबणं. आणि कळलं तेवढं मोठ्याने परत म्हणायचं, म्हणजे पहिल्यापासून सगळं पुन्हा बोलायची वेळ येत नाही, फक्त अडलेला शब्द येतो. न कळता मान डोलवायची नाही. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड गेली, सुनेला आणि मलाही. सासऱ्याला ‘कळलं नाही’ म्हणणं तिच्या वळणात नव्हतं. माझी तर नोकरीच कळण्याची होती.

स्टीफन हॉकिंग यांचा यंत्रातला आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो त्यांना मिळाला 1985 मध्ये घशाची शस्त्रक्रिया होऊन उरलासुरला आवाज गेल्यानंतर. त्याआधी बरीच वर्षं ते स्वतःच्या तोंडाने बोलत आणि ते फक्त जवळच्या चारदोन माणसांना कळे. व्याख्यानात ते बोलत आणि एखादा विद्यार्थी किंवा सहकारी ते वाक्य सभेला परत सांगे. केंब्रिजमध्ये जे चालत होतं तेच कुडाच्या घरात करायचं होतं, एवढाच माझा आधार. यंत्राचाही प्रयोग केला. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं एक अॅप आहे, चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो, मराठीतही. मी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी एका चित्रावर बोट ठेवलं आणि फोन शुद्ध मराठीत बोलला. सुनेने तोंडाला पदर लावला. “मॅडम, बाबा पुण्याचे झाले.” अॅप चांगलं आहे, मी सपाटीवरच्या गावांत कित्येक मुलांना दिलंय. पण भिलोरी बोलणाऱ्या पंचाच्या तोंडी तो आवाज बसेना, आणि चार्जिंगचं वेगळंच. अक्षरांचा तक्ता हा आमचा दुसरा नेहमीचा उपाय, तो लिहिता-वाचता येणाऱ्यासाठी.

मग सूप आलं. छापील चित्रांच्या फळीवर पंखा होता, फ्रिज होता, कमोड होता. सुनेने ती बघून बाजूला ठेवली आणि एका जुन्या सुपात वस्तू मांडल्या: गोळ्यांचं रिकामं पाकीट, तंबाखूची डबी, मूठभर भगर, बैलाच्या गळ्यातल्या माळेचा एक तुकडा, नातीची निळी रिबीन, एक रुपया, आणि रेशनकार्डाचं फाटकं कव्हर. बाबा बोलण्याआधी वस्तूला हात लावत. रिबीन म्हणजे नातीबद्दल. माळ म्हणजे गुरांबद्दल. मग शब्द. विषय आधी, हे मी सांगितलेलं तिने सुपात आणून ठेवलं होतं. आठवडाभराने सुपात मोहाची फुलंही दिसली. मी विचारलं, हे काय? आजी म्हणाली, “ते तुम्ही विचारू नका.”

विचारायला हवंच होतं, कारण पातळ काहीही प्यायला दिलं की बाबांना ठसका लागत होता. जे स्नायू बोलतात तेच गिळतात. पाणी आणि काळा चहा घशात धावत सुटतात आणि सावध व्हायला वेळ मिळत नाही. भगरीची जाड पेज आरामात जाते. ताठ बसायचं, हनुवटी जरा छातीकडे, लहान घोट, घोट गिळून झाल्याशिवाय बोलायचं नाही. मोहाची दारू पाण्यासारखीच पातळ. मी बाबांना हे समजावून सांगितलं. ते ऐकून घेत नाक धरून म्हणाले, “थोडी.” मी तो शब्द कळला नाही असं दाखवलं. आम्ही ठरवलेला नियम मीच मोडला.

उरली हाळी. आवाज दरी ओलांडणार नव्हता, हे मान्य करावंच लागलं. माणूस खाटेवर एकटा, सून नाल्यावर, ठसका लागला तर? शिट्टी दिली होती पण ओठ तिला घट्ट धरत नव्हते. मुलगा ऊसतोडीवरून होळीला परत आला. इकडे काठी गावच्या राजवाडी होळीला जाणारा माणूस गुजरातेत कितीही काम असलं तरी परतल्याशिवाय राहत नाही. त्याने खाटेच्या वरच्या वाशाला बैलाच्या गळ्यातली घाट, म्हणजे घंटा, बांधली, दोरी हाताशी. सारखी वाजली तर धावत या. एकदा वाजली तर सावकाश या. पहिल्या रात्री बाबांनी ती पाच वेळा वाजवली आणि पाचही वेळा माणसं धावत आली. सहाव्यांदा कोणी आलं नाही तेव्हा ते समाधानाने झोपले, असं सून सांगते. पुढे समोरच्या उतारावरची घरंही घाटेच्या आवाजाला ओ द्यायला लागली.

या दरम्यान एका शिबिरात त्यांना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नेलं होतं. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि वाचा व भाषा दिव्यांगत्व हे त्यातलं एक आहे. टेबलामागच्या माणसाने मराठीत नाव विचारलं. बाबांनी सांगितलं. तो म्हणाला, “परत.” परत सांगितलं. त्याने मुलाकडे बघून विचारलं, “यांना समजतं का?” आणि जरा मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं, बाबांना परत विचारलं. बाबांनी काठी आपटली, उठले आणि चालू लागले. मुलगा मागे धावला. कागद दुसऱ्या फेरीत झाला, मीही सोबत गेले होते. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, एवढी वर्षं पंचात बसलेला माणूस, त्याला समजतं का विचारतात. मी काही बोलले नाही. पहिल्या दोन महिन्यांत मी त्याच माणसाला फुगा फुगवायला दिला होता.

माझी बदली झाली त्याआधीची शेवटची भेट पावसाच्या तोंडावरची. मुलगा घरीच होता, आंब्याच्या कैऱ्या सोलून आमचुराच्या फोडी वाळत घातलेल्या, सगळं अंगण पिवळसर पांढरं. त्याने मला पंचाची गोष्ट सांगितली.

शेजारच्या पाड्यातली एक मुलगी नांदायची नाही म्हणून परत आली होती. देज किती परत करायचं यावर दोन घरं हातघाईवर. पंच बसले. बाबांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांनी सकाळीच घाट वाजवून मुलाला उठवलं आणि सुपातला रुपया पुढे केला. मुलगा त्यांना पाठुंगळी घेऊन गेला. ते एका बाजूला बसले. बोलणं चढत गेलं, एक गट वीस हजारांवर अडलेला, दुसरा एक दमडी नाही म्हणणारा. बऱ्याच वेळाने बाबांनी काठी वर केली. पाड्यातली जुनी माणसं गप्प झाली. त्यांनी दोन शब्द म्हटले. नातीच्या वयाचा एक पोरगा पुढे बसलेला, त्याने आमच्या रीतीने मोठ्याने परत सांगितलं, जे ऐकू आलं ते:

“मारा.”

मुलीच्या बापाकडची दोन तरणी पोरं उठून उभीच राहिली. समोरचेही उठले. मुलगा सांगत होता, काठ्या होत्याच जवळ, दुसरं काय लागतं. बाबा बसल्या जागी हात हलवत होते, चेहरा आपोआप हसायला लागलेला, त्यामुळे आणखीच गोंधळ. मग त्यांनी काठी खाली टाकली, दोन बोटांनी स्वतःचं नाक गच्च धरलं आणि छातीतला असेल नसेल तेवढा श्वास काढून म्हणाले,

“बारा. हजार.”